फरशी पुढे जुळेल का?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या स्वयंपाकघराची जुनी शहाबादी फरशी काढायचे ठरले. ती जागोजाग खचली होती आणि मोरीजवळ पाणी तुंबत होते. तालुक्याच्या गावी एका दुकानात शिल्लक मालाचा ढीग स्वस्तात मिळाला. एक फूट बाय एक फुटाच्या टाइल्स, चार नमुन्यांच्या. प्रत्येक टाइलच्या चारही कडांवर काही ना काही अर्धवट काढलेले होते. कुठे अर्धे फूल, कुठे अर्धे पान, कुठे जाळीचा अर्धा तारा. शेजारी योग्य टाइल आली की फूल पूर्ण होते. नाही आली तर फुलाला पान चिकटते आणि ते डोळ्यांना खुपत राहते. "सगळ्या एकमेकींना जुळतात," असे दुकानदाराने सांगितले. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, हे पावतीच्या तळाशी छापलेले होते.

मिस्त्रीचाचांनी दारापासून सुरुवात केली. टाइलच्या पाठीवर एक बाण असतो. सगळे बाण एकाच दिशेला ठेवायचे, हा चाचांचा पक्का नियम. टाइल फिरवली तर उजेडात तिची चमक वेगळी दिसते. सहा ओळी सुरेख झाल्या. सातव्या ओळीत चौथ्या जागी काम अडले. डावीकडची टाइल फूल मागत होती, मागच्या ओळीतली टाइल जाळी मागत होती, आणि या दोन्ही कडा एकत्र असलेला नमुना आमच्याकडे नव्हताच. चाचांनी ओल्या मालावरून दोन ओळी उचलल्या आणि वेगळ्या क्रमाने बसवल्या. मग नवव्या ओळीत अडले. उचलाउचलीत काही टाइल्स फुटल्या. चाचांनी थापी खाली ठेवली, कपाळ पुसले आणि मला विचारले, "बाजी, आगे जाके जमेगा के नइ, ये पैलेच कैसा समजना?"

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दारात उभी राहून ती म्हणाली, "चाचा, मोबाईलला विचारते ना. कॉम्प्युटरला सगळं सांगता येतं."

तिने फोटो काढले आणि मोबाईलवरच्या एका अ‍ॅपला विचारले. त्याने तत्काळ, मोठ्या आत्मविश्वासाने आराखडा दिला. चाचांनी तो आराखडा हातात धरून दुसऱ्याच ओळीत बोट ठेवले. तिथे पानाला तारा लागत होता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शिक्षक कमी असल्यामुळे गणिताचे काही तासही माझ्या वाट्याला आले आहेत, एवढाच माझा गणिताशी संबंध. पण चाचांचा प्रश्न डोक्यातून जाईना. मुलीच्या मदतीने शोधू लागले तेव्हा कळले की नेमका हाच प्रश्न 1961 साली एका मोठ्या गणितज्ञाने विचारला होता. त्याचे उत्तर मिळायला काही वर्षे लागली, आणि ते असे निघाले की त्यातून संगणकाचीच नव्हे तर निसर्गाविषयीच्या आपल्या ज्ञानाचीही एक हद्द दिसली. वाचक भगिनी-बंधूंना ही हकीकत सांगावीशी वाटली, म्हणून हा लेख.

सुरुवात एका शब्दापासून करते. संगणकाच्या भाषेत काम करण्याच्या ठरलेल्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात, खलिफा मामून यांच्या काळात ते बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करीत होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. पुढे त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि त्यांच्या नावाचा तिकडच्या उच्चाराप्रमाणे 'अल्गोरित्मी' झाला. हळूहळू माणसाचे नाव मागे पडले आणि रीतीचे नाव उरले. आपण चौथीत शिकलेला भागाकार हा अल्गोरिदमच आहे. पहिला अंक घ्या, भाग लावा, वजा करा, पुढचा अंक खाली आणा. करणाऱ्याला हुशारी लागत नाही, नियम पाळणे पुरते. शिवाय पूर्ण संख्यांचा भागाकार कधी ना कधी संपतो, याची खात्री असते. या 'संपण्या'वर लक्ष ठेवा, पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

1928 साली डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने एक मोठा प्रश्न मांडला. गणितातले कोणतेही विधान दिले तर ते नियमांवरून सिद्ध होते की नाही, हे 'हो' किंवा 'नाही' असे ठरवणारी एखादी यांत्रिक रीत आहे का? हिल्बर्ट यांचा विश्वास असा होता की गणितात कायमचे न सुटणारे असे काही नसते.

हा विश्वास 1936 मध्ये दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी मोडला. एक अमेरिकेतले अलॉन्झो चर्च आणि दुसरे केंब्रिजमधले अ‍ॅलन ट्युरिंग. ट्युरिंग तेव्हा जेमतेम 24 वर्षांचे होते. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते, म्हणजे या घराचे मीठ-भाकर काही वर्षे हिंदुस्थानातून चालत होते. त्या काळी आजच्यासारखा संगणक अस्तित्वात नव्हता. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करणाऱ्या माणसालाच इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणत. ट्युरिंग यांनी असा हिशेबनीस नेमके काय काय करतो याचा विचार करून एक काल्पनिक यंत्र रचले. चौकोन आखलेली एक लांबच लांब पट्टी. यंत्र एका वेळी एकच चौकोन पाहते, त्यातली खूण वाचते, हवी तर बदलते, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते आणि आपली स्थिती बदलते. बस. तुमच्या हातातला मोबाईल जे काही करतो ते सगळे हे साधे यंत्र करू शकते, फक्त फारच सावकाश.

आणि मग ट्युरिंग यांनी दाखवले की काही प्रश्न या यंत्राला कधीही सोडवता येणार नाहीत. त्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध प्रश्न, आज ज्या रूपात शिकवतात त्या रूपात, आपल्या प्रत्येकाच्या अनुभवाचा आहे.

विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मी तो दरवर्षी अनुभवते. शेवटची तारीख असते, रात्रीचे अकरा वाजलेले असतात, 'सबमिट' दाबल्यावर पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागते. पाच मिनिटे, दहा मिनिटे, वीस मिनिटे. थांबावे तर कदाचित ते कायमचे अडकले असेल. बंद करावे तर कदाचित पुढच्याच क्षणी फॉर्म गेला असता. बाहेर बसलेली मुलगी आणि तिचे अब्बा माझ्या तोंडाकडे पाहत असतात. हे चक्र थांबेल की फिरतच राहील, हे आधी सांगणारी एखादी रीत असती तर!

प्रत्यक्षात त्या चक्रामागे नेटवर्क असते, सर्व्हर असतो, गर्दी असते, ते वेगळे. पण शुद्ध हिशेबातही हाच प्रश्न येतो. घरात मुलांना हा खेळ द्या. कोणतीही संख्या घ्या. सम असेल तर तिची निम्मी करा. विषम असेल तर तिची तिप्पट करून 1 मिळवा. जी संख्या येईल तिच्यावर पुन्हा तेच करा, आणि 1 आला की थांबा. 7 घेतले तर 22, 11, 34, 17 असे वर-खाली होत 16 पायऱ्यांत 1 येतो. 27 घ्या. 111 पायऱ्या लागतात आणि मध्ये आकडा 9232 पर्यंत चढतो. मुले कंटाळून म्हणतात, "टीचर, हे थांबणारच नाही," आणि मग ते थांबते. प्रत्येक संख्येसाठी हा खेळ थांबतो का? संगणकांनी प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत तपासले आहे, सगळ्या थांबल्या. तरी 'सगळ्याच थांबतात' हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. दोन ओळींचा नियम, सहावीतल्या मुलाला समजणारा!

इथे कोणी म्हणेल, आज नाही तर उद्या कोणी हुशार माणूस रीत शोधेल. या एका खेळाचा उलगडा होईलही. पण कोणताही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारी एकच रीत उद्याच काय, कधीच सापडणार नाही. कारण समजायला सोपे आहे, फक्त जरा सावकाश वाचावे लागेल.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. "तू आता उभा राहशील," असे म्हटले की तो बसतो. "तू बसशील," म्हटले की उभा राहतो. त्याच्या तोंडावर त्याच्याविषयीचे भाकीत सांगून ते खरे ठरवणे कोणालाही शक्य नाही. आता समजा, कोणी एक 'तपासनीस' प्रोग्राम बनवला. त्याला कोणताही प्रोग्राम आणि त्या प्रोग्रामला पुरवायची माहिती द्या. तो 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही' असे अचूक सांगतो. मग मी त्या तपासनिसालाच पोटात घेऊन एक 'उलटा' प्रोग्राम लिहीन. उलट्याला एखाद्या प्रोग्रामचा मजकूर दिला की तो तपासनिसाला विचारील : या प्रोग्रामला त्याचाच मजकूर पुरवला तर तो थांबेल का? तपासनीस 'थांबेल' म्हणाला तर उलटा जाणूनबुजून कायमचा फिरत राहील. तपासनीस 'थांबणार नाही' म्हणाला तर उलटा लगेच थांबेल. आता उलट्याला उलट्याचाच मजकूर द्या. तपासनीस 'थांबेल' म्हणाला तर तो थांबत नाही. 'थांबणार नाही' म्हणाला तर तो थांबतो. तपासनीस काहीही बोलला तरी खोटाच ठरतो. म्हणजे असा अचूक तपासनीस असूच शकत नाही. मोठा संगणक आणा, वेगवान आणा, हजार वर्षे द्या, फरक पडत नाही. उणीव यंत्राच्या ताकदीत नाही, प्रश्नाच्या घडणीतच आहे. अशा प्रश्नाला 'अनिर्णेय' म्हणतात.

मुलीला हे दोनदा समजावले. (खरे तर पहिल्यांदा तिने मला समजावले.) ती म्हणाली, "अम्मी, पण हा तर मुद्दाम वाकडा बनवलेला प्रोग्राम आहे. खऱ्या जगात असं कुठे असतं?"

तिचा आक्षेप रास्त होता. आणि इथेच आमची फरशी परत येते.

हाओ वांग हे चीनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले तर्कशास्त्रज्ञ. 1961 मध्ये त्यांनी चौकोनी लाद्यांचा प्रश्न मांडला. प्रत्येक लादीच्या चार कडांना रंग आहेत, लादी फिरवायची नाही, शेजारच्या कडांचे रंग जुळले पाहिजेत. प्रत्येक नमुन्याच्या हव्या तेवढ्या लाद्या घ्या. अशा लाद्यांनी चारही दिशांना न संपणारी जमीन भरता येईल का? शब्दशः चाचांचाच प्रश्न, बाण एका दिशेला ठेवायच्या नियमासकट!

खोली मर्यादित असेल तर उत्तर निदान तत्त्वतः काढता येते. आमची खोली दहा बाय बारा, म्हणजे 120 टाइल्स. चार नमुने 120 जागी ठेवण्याचे प्रकार मोजले तर 1 वर 72 शून्ये देऊनही थोडे अधिक भरतात. भयंकर आकडा आहे, पण संपणारा आहे. न संपणाऱ्या जमिनीचे काय? वांग यांना वाटले की तिथेही रीत आहे. आधी दोन बाय दोनचा तुकडा जुळवा, मग तीन बाय तीनचा, मग चार बाय चारचा. एक तर कधीतरी असा तुकडा सापडेल की तो चादरीवरच्या ठशासारखा शेजारी शेजारी उमटवत गेले की सगळी जमीन भरते. नाहीतर कधीतरी असा आकार येईल की तो कसाही भरता येत नाही. दोन्हींपैकी एक घडणारच, मग उत्तर मिळणारच. त्यांनी गृहीत धरले होते की ज्या लाद्यांनी जमीन भरते त्यांचा ठसा असतोच.

त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी हे गृहीत खोटे ठरवले. त्यांचे काम 1966 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांनी लाद्यांचा असा संच बनवला की त्यांनी सगळी जमीन भरता येते, पण ठसा कधीच सापडत नाही; कितीही पुढे जा, मोठा तुकडा जसाच्या तसा ओळीने पुनरावृत्त होत नाही. त्या संचात 20,426 नमुने होते. आणि त्यांनी दाखवले की वांग यांच्या प्रश्नाला सर्वसाधारण रीत नाही. तो ट्युरिंग यांच्या प्रश्नाइतकाच अनिर्णेय आहे.

कसे ते थोडक्यात सांगते, कारण यातली युक्ती फार सुंदर आहे. मालेगाव, भिवंडीकडच्या वाचकांनी मागावरचे कापड डोळ्यांपुढे आणावे. कापड एकेका आडव्या धाग्याने वाढत जाते. बर्जर यांच्या फरशीत लाद्यांची एकेक ओळ म्हणजे ट्युरिंग यंत्राच्या पट्टीचा एकेका क्षणाचा फोटो. कडेवरचा रंग म्हणजे पट्टीवरची खूण. एका ओळीवर दुसरी ओळ जुळवून बसवली की यंत्राची एक पायरी पुढे सरकली. यंत्र थांबले की पुढच्या ओळीसाठी जुळणारी लादीच उरत नाही, फरशी अडते. यंत्र थांबले नाही तर फरशी चालत राहते. म्हणजे 'फरशी पुढे जुळेल का' याचे अचूक उत्तर देणारी रीत सापडली, तर 'यंत्र थांबेल का' याचेही उत्तर मिळेल. आणि ते मिळणे अशक्य आहे, हे आपण आत्ताच पाहिले. मुलीने म्हटलेला तो 'वाकडा प्रोग्राम' मुकाट्याने, रंगीत कडांच्या लाद्यांत जाऊन बसला होता.

पुढे असे ठसा नसलेले संच लहान लहान होत गेले. 1974 मध्ये रॉजर पेनरोज यांनी चौकोनाचा हट्ट सोडून फक्त दोन आकारांवर हे साधले. 2022 मध्ये छपाईच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या डेव्हिड स्मिथ या इंग्लंडमधल्या गृहस्थांना, कागदाचे तुकडे कापून जुळवण्याच्या छंदातून, 13 बाजूंचा एकच आकार सापडला. तो एकटाच जमीन भरतो आणि कधीच ठसा उमटवत नाही. गणितज्ञांनी पुढच्या वर्षी ते सिद्ध करून दाखवले. ही बातमी मी चाचांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले.

पण निसर्गाचा यात काय संबंध?

मिठाचा खडा भिंगाखाली धरा. बारीक बारीक चौकोनी ठोकळे दिसतील. आत अणूंची मांडणीही तशीच, एक छोटा ठसा लाखो वेळा उमटलेला. स्फटिक म्हणजे ठसा, असे विज्ञान अनेक पिढ्या मानत आले. त्यावरून एक नियम निघतो : स्फटिकाला गोल फिरवून पाहिले तर दोन, तीन, चार किंवा सहा वेळा तो पूर्वीसारखा दिसू शकतो, पाच वेळा किंवा दहा वेळा कधीच नाही. का, ते पुठ्ठ्याचे पंचकोन कापून पाहा. पंचकोनाचा कोपरा 108 अंशांचा. तीन पंचकोन एका बिंदूपाशी ठेवले तर 324 अंश भरतात आणि 36 अंशांची फट राहते. चौथा त्यात मावत नाही. पंचकोनी टाइल्स बाजारात का नाहीत, याचे हेच कारण.

8 एप्रिल 1982 रोजी अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत दान शेख्टमन हे इस्रायली शास्त्रज्ञ झपाट्याने थंड केलेल्या अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यांना ठिपक्यांचे वर्तुळ दिसले. ठिपके मोजले, दहा भरले. वहीत त्यांनी त्यापुढे तीन प्रश्नचिन्हे काढली. सहकाऱ्यांनी चेष्टा केली, त्यांना संशोधनगट सोडायला सांगण्यात आले. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग शेवटपर्यंत त्यांच्या विरोधात राहिले. शोधनिबंध छापून यायला 1984 उजाडले आणि रसायनशास्त्राचे नोबेल मिळायला 2011. शेख्टमन यांनी पाहिले होते ते असे की अणूंची मांडणी शिस्तबद्ध आहे, पण तिला ठसा नाही. पेनरोज यांच्या लाद्यांसारखी. तर्कशास्त्राच्या एका प्रश्नातून जन्मलेली ठसा नसलेली फरशी खऱ्या धातूत अंथरलेली निघाली. अशा पदार्थांना क्वासीक्रिस्टल म्हणतात. नंतर रशियाच्या अतिपूर्वेकडील कोर्याक पर्वतात सापडलेल्या दगडात नैसर्गिक क्वासीक्रिस्टलही मिळाला, आणि तो दगड उल्केचा निघाला. म्हणजे माणसाच्या भट्टीची त्याला गरजही नव्हती.

या कथेत इराणमधल्या इस्फहानचाही एक धागा आहे. 2007 मध्ये पीटर लू हे हार्वर्डचे तरुण संशोधक आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी दाखवले की इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या 1453 सालच्या इमारतीवरील नक्षी पेनरोज यांच्या मांडणीच्या अगदी जवळ जाते. लू यांना याची पहिली चाहूल उझबेकिस्तानच्या प्रवासात तिथल्या जुन्या इमारतींची नक्षी पाहताना लागली होती. कारागीर दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, समभुज चौकोन आणि मध्ये चिमटलेला एक आकार अशा पाच 'गिरिह' तुकड्यांनी काम करीत. पंचकोनाने सोडलेली ती 36 अंशांची फट त्यांनी इतर तुकड्यांनी भरून काढली. दर्ब-ए-इमामवर मोठ्या नक्षीच्या पोटात तीच नक्षी लहान आकारात भरली आहे.

यावरून "आमच्या पूर्वजांनी पाचशे वर्षांपूर्वीच नोबेलचा शोध लावला होता," असे संदेश मोबाईलवर फिरतात. मलाही आले आहेत. मी ते पुढे पाठवत नाही. त्या कारागिरांनी 'ही नक्षी अनंतापर्यंत न अडता जाईल का' हा प्रश्न विचारला होता, असा पुरावा नाही. त्यांच्या नक्षीत काही ठिकाणी तुकडे चुकलेलेही आहेत. त्यांचा हात आणि डोळा अफाट होता, हे कौतुक पुरेसे आहे. त्याला खोट्या दाव्याचा मुलामा देऊन आपण त्यांचा मान वाढवत नाही. तसेच, 'काही गोष्टी यंत्राला कळू शकत नाहीत' या सिद्धांतावरून घाईघाईने धार्मिक निष्कर्ष काढणारी भाषणेही मी ऐकली आहेत. ट्युरिंग यांचा सिद्धांत रीतींविषयी आहे, ईमानाविषयी नाही. ज्याचे त्याच्या जागी असू द्यावे.

अणूला सगळी फरशी दिसत नाही, त्याला फक्त शेजारी दिसतो. ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. चाचांना निदान मागे सरकून खोलीभर नजर टाकता येते. अणूला तेही नाही. कड कडेला जुळली की चिकटायचे, एवढाच त्याचा नियम. हे केवळ रूपक नाही. अमेरिकेतले एरिक विनफ्री, नेड सीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये डीएनएच्या धाग्यांपासून खरोखरच लाद्या बनवल्या. डीएनएच्या टोकांवरची रासायनिक अक्षरे म्हणजे कडांचे रंग. जोडीचे अक्षर भेटले तरच ते चिकटते. पाण्यात या लाद्या आपोआप जुळत गेल्या आणि जाळे तयार झाले. त्याच वाटेने पुढे 2004 मध्ये त्यांनी लाद्यांकडून हिशेबही करून घेतला, ओळीमागून ओळ, मागावरच्या कापडासारखा. मिस्त्री नाही, थापी नाही, आराखडा हातात धरणारे कोणी नाही.

आणि मग 2015. टोबी क्युबिट, डेव्हिड पेरेझ-गार्सिया आणि मायकेल वुल्फ या तिघांनी पदार्थविज्ञानातला एक मूलभूत प्रश्न घेतला. पदार्थ खूप थंड केला की त्याचे कण सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत स्थिरावतात. तिथून वर चढायला पहिली पायरी आहे, की पायरीच नाही, नुसता उतार आहे? पायरी असेल तर थोड्याशा ऊर्जेने पदार्थ हलत नाही, उतार असेल तर हलतो. पदार्थाचे किती तरी गुण यावर ठरतात. कण एकमेकांना कसे ढकलतात-ओढतात याचे सगळे नियम दिले, तर पायरी आहे की नाही हे सांगता येईल का? या तिघांनी सिद्ध केले की सर्वसाधारण रीत नाही. हा प्रश्नही अनिर्णेय. पुराव्यात त्यांनी वापरले काय, तर ठसा नसलेल्या लाद्या आणि त्यांच्यात लपवलेले ट्युरिंग यंत्र! मुलीच्या 'खऱ्या जगात कुठे असतं' या प्रश्नाचे यापेक्षा सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

यात एक अट आहे, ती लपवू नये. हा पुरावा न संपणाऱ्या आकाराच्या, कागदावर रचलेल्या पदार्थाविषयी आहे. हातातला तुकडा कितीही मोठा असला तरी मर्यादित असतो, आमच्या स्वयंपाकघरासारखा. पण शास्त्रज्ञ एरवी करतात काय, तर लहान तुकड्याचा हिशेब करतात, मग थोड्या मोठ्याचा, आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. सहा ओळी जमल्या म्हणजे साठही जमतील, असा. हा अंदाज नेहमीच खरा ठरेल अशी हमी कोणतीच रीत देऊ शकत नाही. चाचांची सातवी ओळ कुठेही येऊ शकते.

आमच्या फरशीचे काय झाले, ते राहिलेच. 2015 मध्येच फ्रान्समधल्या एमानुएल जँदेल आणि मायकेल राओ यांनी संगणकाच्या मदतीने दाखवले की वांग यांच्या पद्धतीच्या चौकोनी लाद्यांत 11 नमुन्यांपासून पुढेच ठसा नसलेला संच मिळू शकतो. 10 किंवा कमी नमुने असतील तर एक तर ठसा सापडतोच, नाहीतर फरशी अडतेच. आमच्याकडे तर चारच नमुने होते. म्हणजे आमच्या प्रश्नाला उत्तर होते, शोधायचे तेवढे बाकी होते. मुलीने बिस्किटांच्या खोक्यांचे चौकोन कापले, कडांना स्केचपेनने रंग दिले आणि ओट्याखाली बसकण मारली. धाकटा भाऊही लागला हाताशी. दोन बाय दोन जमेना. दोन बाय तीनचा तुकडा मगरिबच्या थोडे आधी जमला. डावी कड उजवीला आणि वरची कड खालचीला बरोबर जुळत होती.

चाचांनी तो पुठ्ठ्याचा ठसा चारदा शेजारी शेजारी ठेवून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारापासून पुन्हा सुरुवात केली. दहा बाय बाराच्या खोलीत तो ठसा बरोबर वीस वेळा बसतो. त्यात जाळीचा नमुना दोनदा येतो, म्हणजे त्याच्या 40 टाइल्स हव्या होत्या. फुटलेल्या वजा जाता आमच्याकडे 34 निघाल्या. दुकानदाराकडे तो माल संपला होता. उरलेल्या सहा जागी चाचांनी पानाचा नमुना बसवला : चार फ्रिजखाली, एक सिलिंडरच्या जागी, आणि एक दारामागे, जिथे पिठाचा डबा ठेवतो. डबा सरकवला की पानाला चिकटलेला अर्धा तारा दिसतो.